एकोणसाठ अंश

तर्कशास्त्राच्या वर्गांत उभा राहून मीं आजवर कितीजणांच्या बुद्धीला तीक्ष्ण म्हटलें आणि कितीजणांच्या युक्तिवादाला बोथट ठरविलें, याचा हिशेब कोणीं ठेवला नाहीं हें माझें भाग्य! कारण एखादी वस्तु खरोखर धारदार होते म्हणजे तिच्यांत नेमकें काय घडतें, हें वयाचीं पंचावन्न वर्षें उलटून जाईपर्यंत मला ठाऊक नव्हतें. घरांतली विळी चालेनाशी झाली म्हणजे सायकलीवर चाक बसवून दारोदार फिरणाऱ्या धारवाल्याला हाक मारावी, चार ठिणग्या उडतांना पाहाव्या आणि पैसे देऊन विळी आंत न्यावी, एवढाच माझा या शास्त्राशीं संबंध. हें अज्ञान गेल्या पावसाळ्यांत एका लोखंडी साच्यानें दूर केलें. आणि तें दूर करतांना त्यानें माझी जी फजिती केली, ती सांगितल्यावांचून राहवत नाहीं.

हा साचा म्हणजे बोथट झालेल्या ड्रिलाला पुन्हां धार लावण्यासाठीं ग्राइंडरच्या चाकाशेजारीं बसवावयाचें एक साधें उपकरण. कारखान्यांतले लोक त्याला जिग म्हणतात. खालीं ओतीव धातूची बैठक. तिच्यावर तिरक्या खुंटीभोंवतीं झोका घेणारा एक हात. त्या हातावर ड्रिल आडवें ठेवण्यासाठीं पन्हळ. पन्हळीच्या तोंडाशीं एक लहानशी जिभली आणि शेपटाकडे स्क्रूनें मागेंपुढें होणारा एक अडसर. दिसावयास तें काम अगदीं ओबडधोबड, आणि किंमत एखाद्या बऱ्या शब्दकोशापेक्षां कमी. असली वस्तु माझ्यासारख्या पुस्तकी माणसानें घरीं कां आणावी, असें वाचकांस वाटेल. तें समजावून सांगावयाचें तर अगोदर आमच्या अण्णांविषयीं लिहिलें पाहिजे.

अण्णा म्हणजे माझे वडील. आज त्यांचें वय ८४ आहे. रेल्वेच्या कारखान्यांत फिटर म्हणून त्यांनीं ३६ वर्षें काढलीं आणि निवृत्त होतांना तेथून जें आणलें तें एवढेंच, कीं हातांना स्वस्थ बसूं न देण्याची संवय. आमच्या मागच्या पडवीला त्यांनीं छोट्या कारखान्याचें रूप दिलें. भिंतीलगत जाड सागवानी फळीचा बांक, त्यावर व्हाइस, उजवीकडे छिद्रें पाडण्याचें लहानसें यंत्र आणि खिडकीखालीं सहा इंची चाकांचा ग्राइंडर. आळींतल्या कोणाच्या फाटकाची बिजागरी निखळो, कीं कोणाच्या कुकराची मूठ तुटो, तें दुखणें या पडवींत येई आणि बरें होऊन जाई. बांकावर शिसवीचा एक ठोकळा असे. त्यांत क्रमानें मोठीं होत जाणारीं १३ भोंकें, आणि प्रत्येक भोंकांत आपापल्या मापाचें एक ड्रिल उभें. एक मिलिमीटरपासून तेरा मिलिमीटरपर्यंतचें तें कुटुंब अण्णा आपल्या नातवंडांइतकें ओळखीत.

त्या ड्रिलांना धार लावण्याची अण्णांची पद्धत मीं लहानपणापासून पाहिली होती; पण पाहणें आणि समजणें यांतला फरक मला तेव्हां कळत नव्हता. डाव्या हाताची तर्जनी टेकूसारखी चाकापुढच्या पट्टीवर ठेवावयाची, तिच्यावर ड्रिल धरावयाचें, उजव्या चिमटींत शेपूट. ओठ चाकाला टेकला कीं शेपूट हळूच खालीं न्यावयाचें आणि त्याच वेळीं मनगट किंचित् वळवावयाचें. असे दोन झोके एका ओठाला, दोन दुसऱ्याला. मग खिडकीकडे टोंक करून एक डोळा मिटावयाचा, आणि काम संपलें. कोनमापक नाहीं, पट्टी नाहीं, चष्मासुद्धां फक्त ठिणग्यांसाठीं. मीं एकदां विचारलें होतें, “अण्णा, कोन बरोबर आला हें कसं कळतं?” ते म्हणाले होते, “भात शिजला हें तुझ्या आईला कसं कळतं?” माझ्या प्रश्नाला दुसऱ्या प्रश्नानें उत्तर देणें हा तर्कदोष आहे असें मला पुढें महाविद्यालयांत शिकविण्यांत आलें, परंतु त्या उत्तराचें खंडन मला अद्यापि करतां आलेलें नाहीं.

ज्या वस्तूला आपण नुसतें ‘ड्रिल’ म्हणून बाजूला सारतों, ती किती विचारपूर्वक घडविलेली असते! आमच्या सुतारांचा जुना सामता धनुकलीच्या दोरीनें कधीं उजवीकडे तर कधीं डावीकडे फिरे. दोन्ही दिशांना काम करावयाचें असल्यानें त्याच्या टोंकाला कापण्यापेक्षां खरवडणेंच अधिक जमे. पिळाच्या खोबणी असलेल्या ड्रिलाचें एकस्व अमेरिकेंत स्टीफन मोर्स यानें १८६३ मध्यें घेतलें. त्या दोन खोबणी टोंकाशीं धारेला जन्म देतात आणि कापलेला कीस जिन्यावरून उतरल्यासारखा छिद्राबाहेर आणून टाकतात. पुढें १९०० च्या सुमारास टेलर आणि व्हाइट या दोघां अमेरिकनांनीं अशा पोलादाचीं हत्यारें जगाला दाखविलीं, कीं जीं तापून लाल झालीं तरी धार सोडीत नाहींत. त्यापूर्वींच्या साध्या पोलादाचें तसें नव्हतें. चाकावर थोडा अधिक वेळ धरलें आणि टोंकावर निळी झांक आली, कीं त्याचें पाणी उतरलेंच म्हणून समजावें. माणसाचें पाणी उतरणें आणि पोलादाचें पाणी उतरणें यांना आपल्या भाषेनें एकच शब्द वापरला, तो उगीच नव्हे.

ड्रिलाच्या टोंकाला दोन ओठ असतात आणि कापण्याचें काम तेच करतात. दोहोंमधला कोन साधारण कामासाठीं ११८ अंशांचा, म्हणजे प्रत्येक ओठ ड्रिलाच्या मध्यरेषेशीं ५९ अंश करून बसलेला. दोन्ही ओठांची लांबी सारखी हवी. एक लांब व एक आंखूड झाला तर टोंक मध्य सोडतें, आणि दहा मिलिमीटरचें ड्रिल दहापेक्षां मोठें भोंक पाडतें. ओठाच्या मागची जागा, जिला अण्णा टाच म्हणतात, ती ओठापेक्षां खालीं उतरत गेली पाहिजे. सुमारें बारा अंशांचा उतार पुरे होतो. ओठ पुढें राहील आणि टाच मागें हटेल, तेव्हांच धातूंत शिरकाव होतो. दोन्ही ओठांच्या मध्यें एक आडवी कड राहते. ती कापीत नाहीं, नुसती धातूला चिरडून बाजूला लोटते. हें सर्व मीं पुस्तकांत वाचून आतां लिहीत आहें. अण्णांनीं यांतला एक आंकडाहि कधीं उच्चारला नव्हता. आणि त्यांच्या हातून तो कधीं चुकलाहि नव्हता.

पण ऐंशी ओलांडल्यावर अण्णांच्या हातांना कंप सुटला. चहाचा पेला बशीवर वाजूं लागला, सही बदलली, म्हणून बँकेंत दोन वेळां जावें लागलें. तरी पडवींतलें काम थांबलें नाहीं. अखेर गेल्या वर्षीं वैशाखांत एके दुपारीं ड्रिलाला धार लावतांना त्यांच्या डाव्या तर्जनीचें पेर चाकाला लागलें. तीन टांके पडले. सहा इंची चाक मिनिटाला सुमारें २,८५० फेरे घेतें. म्हणजे त्याची कड तासाला ऐंशी किलोमीटरच्या वेगानें धांवत असते. डॉक्टरांकडून परत आल्यावर हा हिशेब मीं कागदावर मांडला आणि मला रात्रभर झोंप लागली नाहीं.

दुसऱ्या दिवशीं पहाटे मीं पडवींत गेलों, ग्राइंडरचा प्लग उघडला आणि आंतली एक तार सोडवून ठेवली. आठ दिवसांनीं अण्णांनीं बटण दाबलें. चाक हललें नाहीं. मीं शेजारीं उभा होतों. म्हणालों, “मोटर जळलेली दिसते, अण्णा.” त्यांनीं माझ्याकडे पाहिलें, मान हलविली आणि बोटावरची पट्टी सारखी करीत ते आंत निघून गेले. त्यानंतर चार महिने ते पडवींत फिरकले नाहींत. आळींतलीं दुखणीं परस्पर बाजारांत जाऊं लागलीं. शिसवी ठोकळ्यावर धूळ बसली. संध्याकाळीं अण्णा ओटीवर बसत आणि रस्त्याकडे पाहत. मीं जें केलें तें त्यांच्या भल्यासाठींच केलें, याविषयीं माझ्या मनांत शंका नव्हती. तरीपण त्या ओटीवरून जातांना मी पावलांचा आवाज होऊं देत नसें.

साचा मीं आणला तो या अपराधी मनाच्या समाधानासाठीं. त्यांत बोटें चाकापासून दूर राहतात. ड्रिल पन्हळींत घट्ट बसलेलें असतें. कोन खाचेनें ठरलेला असतो. हात थरथरला तरी खुंटी थरथरत नाहीं. अण्णांना त्यांचें काम परत मिळेल आणि मला माझी झोंप, असा माझा दुहेरी हिशेब. “मोटर दुरुस्त करून आणली,” असें घरांत जाहीर करून मीं तार पूर्ववत् जोडली. एका असत्याला दुसऱ्याचा टेकू द्यावा लागतो, याचें उदाहरण वर्गांत देण्यासाठीं मला यापुढें दूर जावयास नको.

पहिल्या संध्याकाळीं मीं चाकाची परीक्षा घेतली. अण्णा ती कशी घेत हें आठवत होतें: चाक काढून, मधल्या भोंकांत बोट घालून तें लोंबतें धरावयाचें आणि लांकडी मुठीनें हळूच टोला द्यावयाचा. घंटेसारखा नाद निघाला तर चाक अभंग. बद्द वाजलें तर आंत तडा आहे असें समजून तें फेकून द्यावयाचें. नाद निघाला. मग साच्याची बैठक बांकावर दोन बोल्टांनीं बसविली. हात ५९ अंशांच्या खाचेंत अडकविला. पन्हळीचें तोंड आणि चाकाची बाजू यांत दीड मिलिमीटरचें अंतर ठेवलें. असलीं चाकें कडेनें काम करण्यासाठीं घडविलेलीं असतात. बाजूवर फार दाब देऊं नये, एवढें मला ठाऊक होतें. आठ मिलिमीटरचें ड्रिल घेतलें. माहितीपत्रकांत सांगितल्याप्रमाणें तें व्यासाच्या निम्में, म्हणजे चार मिलिमीटर पन्हळीबाहेर ठेवलें, कड जिभलीला टेकविली, मागचा अडसर लावला, आणि चष्मा चढवून, पहिलें मिनिटभर चाकासमोरून बाजूला उभा राहून, बटण दाबलें. मग चार हलके झोके. ड्रिल सोडून अर्धा फेरा दिला, दुसरी कड जिभलीला टेकविली, पुन्हां चार झोके. टोंक असें चमकूं लागलें कीं मला स्वतःचा अभिमान वाटला.

लोखंडी पट्टीवर पंचाचा ठिपका मारून मीं तें ड्रिल यंत्रांत लावलें. तें किंचाळलें. धूर निघाला. पट्टीवर आरशासारखा चकचकीत खळगा पडला. भोंक मात्र पडलें नाहीं. दुसऱ्या संध्याकाळीं मीं बैठक सरकविली, खांच बदलून पाहिली, दाब वाढविला. ड्रिल सहा मिलिमीटरांनीं आंखूड झालें आणि किंकाळी मात्र तशीच राहिली. तिसऱ्या संध्याकाळीं मीं साचा करणाऱ्याला, विकणाऱ्याला आणि माहितीपत्रक लिहिणाऱ्याला, तिघांनाहि दोष देऊन चुकलों होतों. नाचतां येईना अंगण वांकडें, ही म्हण आपण दुसऱ्यांसाठींच राखून ठेवतों.

“टाच वर आहे.”

मीं वळून पाहिलें. अण्णा पडवीच्या उंबऱ्यावर उभे होते. चार महिन्यांनीं ते तेथवर आले होते, आणि ड्रिलाकडे न पाहतां, नुसत्या आवाजावरून बोलत होते. मीं चाक बंद केलें. ते आंत आले, स्टुलावर बसले आणि हात पुढें केला. मीं ड्रिल दिलें. तें त्यांच्या बोटांत थरथरूं लागलें. तेव्हां त्यांनीं कोंपर बांकावर टेकलें, उजवें मनगट डाव्या हातानें धरलें आणि मला विजेरी जवळ आणावयास सांगितलें.

“मधली आडवी रेघ बघ. ओठाशीं काटकोन करून बसलीय. ती चांगली तिरकी जायला हवी. काटकोन झाला म्हणजे टाच उतरली नाहीं. मग ओठ लागणार कुठून? नुसती टाच घासते.”

“पण मीं कड जिभलीला नीट टेकविली होती, अण्णा.”

“कुठली कड?”

मीं दाखविली. अण्णा हंसले नाहींत, याबद्दल मी त्यांचा ऋणी आहें. ते म्हणाले, “ही टाचेची कड. धार पलीकडची.”

खोबणीला दोन कडा असतात: एक कापणारी, एक तिच्या मागची. तीन संध्याकाळ मीं मागच्या कडेला धार समजून तिचीच मनोभावें पूजा केली होती. साच्याचें कांहीं चुकलें नव्हतें. जें मीं पुढें ठेवलें तें त्यानें ५९ अंशांत, चिन्हमात्र न चुकतां, घांसून दिलें. अनुमानाचा सांगाडा बिनचूक असावा आणि पहिलें विधानच खोटें असावें, म्हणजे निष्कर्ष जसा निघतो तसें तें ड्रिल निघालें होतें. ही गोष्ट मी दर वर्षीं फळ्यावर खडूनें लिहितों. पोलादावर लिहिलेली मीं ती प्रथमच वाचली.

मग अण्णांनीं ड्रिल स्वतः पन्हळींत ठेवलें. ओठ जिभलीला टेकतांना त्यांचा हात इतका हालत होता कीं मीं नकळत पुढें झालों. पण त्यांनीं मला थांबविलें. ओठ एकदां टेकल्यावर जिभलीनें तो धरला आणि कंपाला तेथें कांहीं काम उरलें नाहीं. त्यांनीं पकड आवळली, मागचा स्क्रू किंचित् फिरविला आणि मला म्हणाले, “झोका तूं दे. हळू. दगड कापतो, आपण नाहीं.” चार झोके झाले. अर्धा फेरा. पुन्हां चार. विजेरीच्या उजेडांत मधली रेघ तिरकी झालेली मलाहि दिसली.

या वेळीं किंकाळी नव्हती. खरखर सुरू झाली आणि दोन्ही खोबणींतून दोन चकचकीत वेटोळीं सारख्या वेगानें वर चढूं लागलीं. अण्णांनीं डोळे मिटले होते. पट्टीच्या पलीकडे ड्रिल निघालें तेव्हां त्यांनीं ते उघडले आणि विचारलें, “प्लगमधली तार घट्ट केलीस ना? मागें स्क्रू सैल राहिला होता.”

मी कांहीं वेळ बोललों नाहीं. मग विचारलें, “तुम्हीं पाहिलं होतं?”

“दुसऱ्याच दिवशीं.”

“मग जोडली कां नाहीं?”

“तूं काढली होतीस. मीं जोडली असती तर पुन्हां काढली असतीस.” वेटोळें बोटाजवळ धरून ते पाहत होते. “सांगितलं असतंस तर मीच काढून दिली असती.”

छत्तीस वर्षें बिघाड शोधण्यांत घालविलेला माणूस बंद पडलेल्या यंत्राचा प्लग उघडून पाहणार नाहीं, हें अनुमान मीं कोणत्या आधारावर केलें होतें? आधार एकच: तें मला सोयीचें होतें. त्या चार महिन्यांत अण्णा मोटर जळाली म्हणून ओटीवर बसले नव्हते. मुलानें आपल्याशीं खरें बोलण्याचें टाळलें, हें कळून ते बसले होते. आणि मी मात्र त्यांच्या बोटांची काळजी वाहत होतों. टाचेला धार समजण्याची चूक मीं ड्रिलाच्या आधीं अन्यत्र केली होती.

तेव्हांपासून आमचा एक क्रम पडला आहे. रविवारीं सकाळीं आम्ही दोघे पडवींत जातों. ओठ टेकविणें, पकड आवळणें आणि स्क्रू किती फिरवावयाचा तें ठरविणें हें अण्णांचें काम, झोका माझा. आळींतलीं दुखणीं पुन्हां येऊं लागलीं आहेत. साच्यानें अण्णांचें कौशल्य त्यांना परत दिलें असें मात्र मी म्हणणार नाहीं. हाताचें जें होतें तें गेलें. साच्यानें फक्त हात आणि पारख यांची फारकत करून दाखविली. हाताची स्थिरता दीड किलो धातूंत ओतून विकत मिळते. कोणती कड ओठाची आणि कोणती टाचेची, हें विकत मिळत नाहीं. पण अण्णांसमोर मी हें बोलत नाहीं. ज्याचे हात गेले त्याला पारख उरली आहे असें सांगणें हें सांत्वन खरें, परंतु तें सांत्वनच असतें, आणि तेवढें त्यांना कळतें.

शिसवी ठोकळ्यांतल्या तेरांपैकीं अकरा ड्रिलांना आतां नवी धार आहे. एक आणि दोन मिलिमीटरचीं दोन राहिलीं. आमचा साचा तीन मिलिमीटरखालचें ड्रिल धरीत नाहीं; तीं नुसत्या हातानेंच करावयाचीं असतात. परवां ठोकळा पुसतांना अण्णांनीं तीं दोन्ही काढलीं, खिडकीकडे टोंक करून एकेकाकडे पाहिलें, आणि जशींच्या तशीं परत आपापल्या भोंकांत ठेवून दिलीं.